बिनचोचीचा पोपट

मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून मी लाकडाला भोकं पाडते.

हे वाक्य मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. दाखवता आलं असतं तर भोकं कशाला पाडली असती? माझी शाळा चौथीपर्यंत झाली, आणि तेवढ्या काळात मी हजेरीला एकदाही ‘हजर’ म्हटलं नाही. नुसता हात वर करायचे. बाई चांगल्या होत्या, त्या हातालाच हजर धरायच्या. पुढे लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी उखाणा मनातल्या मनात घेतला. (चांगला जमला होता. पण तो अजून मनातच आहे.)

आमचं घर निमगाव केतकीच्या बाहेर, पेरूच्या बागेत. आमचे मालक म्हणजे गावाचे दत्ताभाऊ. मी जेवढी गप्प, तेवढे हे बोलके. दोघांच्या वाटणीचं बोलणं देवानं चुकून एकाच ताटात वाढलं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, आणि तेही ह्यांचं बोलणं मध्येच थांबलं तर.

एकदा हे बारामतीला फवारणीच्या पंपाचा नोझल आणायला गेले आणि स्क्रोल सॉ नावाचं मशीन घेऊन आले. नोझल राहिला.

“हे काय आणलंय?” मी विचारलं.

“नक्षीची करवत. मोबाईलवर बघितलं न्हाईस व्हय? त्यो गोरा म्हातारा कसा भराभरा हरणं कापतो?”

“आपल्याला हरणं कशाला?”

“छंद म्हणून! माणसाला छंद पायजे. पेरूला काय छंद म्हणत न्हाईत.”

मशीन असं आहे, की एका लोखंडी टेबलाच्या मधोमध केसासारखं बारीक पातं उभं असतं आणि ते वरखाली नाचतं. फळीवर कागदाचं चित्र चिकटवायचं. जिथला भाग काढायचा तिथे भोक पाडायचं, पातं सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, आणि लाकूड फिरवत फिरवत तो तुकडा पाडायचा. मग पुढचं भोक. खाली पडतं ती हवा, वर उरतं ते चित्र. ह्यांनी फळी अशी ढकलली की जणू अडलेली बैलगाडी ढकलतायत. पातं तुटलं. दुसरं घातलं, तेही तुटलं. पुडीत एकच पातं उरल्यावर हे म्हणाले, “मशीन बोगस हाय,” आणि पेरूच्या क्रेटपलीकडे ते लोटून दिलं.

ते गेल्यावर मी बसून बघितलं. मी शिलाई मशीन चालवलेलं, त्यामुळे कापड सुईखाली फिरवायचं असतं, सुईवर ढकलायचं नसतं, एवढं ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर मला त्याचा आवाज आवडला. ते चालू असलं की कुणी बोलायला येत नाही.

पहिला मोर पोळपाटातून निघाला. दुसरा जेवायच्या पाटातून. धान्याच्या कोठीच्या लाकडी झाकणातून मी एक गणपती काढला आणि त्याच्या सोंडेच्या भोकातून उंदीर कोठीत गेले. (गणपतीच्या बाजूनं बघितलं तर ते बरोबरच होतं.) घरात लाकडाचं काही उरेना, तेव्हा राणी, म्हणजे आमची लेक, म्हणाली, “आई, तू माझ्या खाटंकडं बघायची न्हाईस हां.” मी बघत नव्हते. मापं घेत होते.

मग ह्यांनी मला ग्रुपात घातलं. बारामती-इंदापूरकडच्या जाळीकामाच्या हौशी माणसांचा तो ग्रुप. त्यात मी एकटीच बाई. बाकीचे कोण कुठून निवृत्त झालेले, तर कुणी निवृत्त व्हायची वाट बघणारे. तिथली एक गंमत माझ्या लवकर लक्षात आली. ज्याचं मशीन सगळ्यात मोठं, त्याचं काम सगळ्यात कमी. सकाळी एकजण मशीनचा फोटो टाकणार. दुपारी तोच फोटो, मशीन पुसल्यावर. संध्याकाळी वाद, की सागाला दोन नंबरचं पातं चांगलं का पाच नंबरचं. वाद असा रंगायचा की बिचाऱ्या सागाला कुणी हातच लावायचं नाही.

ग्रुपाचे प्रमुख म्हणजे सर. बारामतीच्या कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा एक कडक नियम होता, लाकडाचं नाव लिहिल्याशिवाय फोटो टाकायचा नाही. सर लाकूड वासावरून ओळखत. तुकडा नाकाला लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. त्यांच्या खालोखाल बँकेतून निवृत्त झालेले साहेब. ते लाकूड भिंगातून बघून ओळखत. नाक आणि भिंग यांचं आजवर एकदाही जुळलेलं नव्हतं.

मला लिहायला येतं, पण एवढ्या बाप्यांच्या समोर लिहायची लाज वाटायची. म्हणून राणीनं मला जोडलेले हात पाठवायला शिकवलं. झालं, मी सगळ्याला तेच पाठवू लागले. कुणाचं नवं मशीन आलं, हात जोडले. कुणाचे वडील वारले, हात जोडले. सरांनी विचारलं, “पुढचा मेळावा ताईंच्या पेरूच्या बागेत घ्यायचा का?” मला नाही म्हणायचं होतं. नाही कसं म्हणतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून हात जोडले. रविवारी दोन गाड्या भरून माणसं आली. मशीनं डिकीत शाली पांघरून आणलेली, ती शालीतच परत गेली. पेरू मात्र क्रेटनं गेले.

अशात राणीचं लग्न ठरलं, बावड्यात. मुलगा गुणाचा, ठिबकच्या सामानाचं दुकान. त्याची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं ते त्याच्या आत्याबाईंनी. त्या घरात सासू, सासरा, सरपंच, कोर्ट, सगळं आत्याबाईच. त्या बोलायला लागल्या की वरचा पंखासुद्धा हळू फिरतो, असं मला पहिल्या भेटीतच वाटलं. राणीचं पुढचं सगळं आयुष्य या एका बाईच्या मर्जीवर जाणार होतं, आणि माझ्या लेकीनं बोलणं नेमकं बापाकडून घेतलंय.

बैठकीच्या दिवशी मी आत पोहे करत होते. पाहुणे गेल्यावर ह्यांना विचारलं, “देवक काय निघालं त्यांचं?”

“आपल्यापेक्षा येगळं हाय. जुळतंय.”

“पण काय?”

“अगं, येगळं हाय म्हटल्यावर बास की. आपल्याला काय भाजी करायचीय त्याची?”

देवक म्हणजे घराण्याचं झाड. लग्नात त्याची डहाळी पुजतात, आणि एरवी ते घराणं त्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही, त्याची काडी चुलीत घालत नाही. दोन्हीकडचं देवक एकच निघालं तर सोयरीक होत नाही, म्हणून विचारायचं. आमचं पंचपालवी, म्हणजे पाच झाडांची पानं. धाक पाचांत वाटला गेल्यामुळे आमच्यात कुठल्याच झाडाला कुणी फारसं भीत नाही. तिथेच माझं चुकलं.

रुखवतात मांडायला स्वतःच्या हातचं काहीतरी द्यावं, असं माझ्या मनात आलं. लोक थर्माकोलची झोपडी ठेवतात, लाडवाला टिकल्या लावतात. मी म्हटलं, आपण दारावरचं लाकडी तोरण करू. दोन्हीकडे वेलीची जाळी, मध्ये समोरासमोर दोन पोपट. राणी पहिलं पाऊल टाकेल ते त्याच्याखालून. फळी बघायला इंदापूरच्या एका सॉमिलमध्ये गेले, तर तिथला माणूस म्हणाला, “वहिनी, ह्ये बघा, कळंब. सुतासारखं सरळ हाय, लोण्यावाणी कापतंय. वादळात पडल्यालं, बावड्याकडनं आलंय. हितं कुणी घेत न्हाय, तुमी न्या.”

कुणी घेत नाही म्हणजे का घेत नाही, हे एखाद्या बोलक्या बाईनं विचारलं असतं. माझ्या मनात भलतंच भरून आलं. बावड्याचं लाकूड! लेकीच्या सासरच्या मातीतलं! देवानंच धाडलं म्हणायचं. मी हात जोडले आणि फळी उचलली.

ते तोरण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. शेवटचं भोक कापताना कोंबडी टेबलाखाली शिरली, मी दचकले, आणि उजव्या पोपटाची चोच उडाली. सपिटाच्या चाळणीनं सगळा भुसा चाळला, चोच काही मिळाली नाही. तरी लांबून कळत नव्हतं. जवळून बघितलं तर तो पोपट माझ्यासारखा दिसायचा.

ह्यांनी लगेच ग्रुपात फोटो टाकला. नियमाप्रमाणे खाली लिहिलं, ‘सौभाग्यवतीच्या हातचे तोरण. शुद्ध कळंब. खास बावड्याचे.’ अंगठ्यांचा पाऊस पडला. सरांनी लिहिलं, “ताई, रुखवतात आपल्या कलेचा एक कोपरा मांडू. सगळा ग्रुप लग्नाला येईल. चालेल ना?” मी ठरवलं होतं, काही पाठवायचं नाही. पण बोटाला सवय झालेली. “परवानगी मिळाली,” सर म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याबाई जीप घेऊन दारात. बरोबर मुलाचा चुलता आणि चार माणसं. मी चहा ठेवला.

“ईनबाई, तुमच्या वढ्याला झाड हाय म्हणं. त्याची डहाळी न्यायला आलोय, देवकाला,” आत्याबाई म्हणाल्या. “आमचं झाड गेलं वो. माझ्या लग्नाचं देवक त्याच झाडाचं, माझ्या भावाचं बी त्याचंच. वादळात पडलं. पडल्यावर बी आमी हात लावला न्हाय. म्हटलं, तितंच मातीला मिळू दे. आन एक दिस बघतोय तर बुंधा गायब. कुण्या भामट्यानं नेऊन सॉमिलला घातला.”

“कसलं झाड?” मी विचारलं. (मी. पाहुण्यांसमोर. स्वतःहून.)

“कळंब. आमचं देवक कळंब न्हाय का? तुमच्या मालकांना म्हाईत हाय की.”

“व्हय व्हय, कळंबच,” हे म्हणाले. “झकास झाड.”

आत्याबाईंनी चहा बशीत ओतला. “ज्यानं त्याला करवत लावली आसंल ना, त्याचं हात झडतील,” त्या म्हणाल्या आणि फुंकर घातली.

मी माझ्या हातांकडे बघितलं. अजून जागेवर होते.

“मंदा,” हे म्हणाले, “ते तोरण आण की बाहेर. आत्याबाईंना दाखवू तुझी कला.”

मी आत गेले. तोरण पेटीवर होतं. त्याच्यावर वाकळ टाकली, वाकळीवर उशा, उशांवर राणीची बॅग. आता रिकाम्या हातानं बाहेर कसं जायचं? समोर दिसलं ते घेऊन गेले.

“ह्ये काय?” आत्याबाईंनी विचारलं.

“चाळणी हाय,” मी म्हणाले.

आत्याबाईंनी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली. “बरी हाय,” त्या म्हणाल्या. “भोकं सारखी हायत.”

ती माणसं ओढ्यावर गेली, झाडाला हळदकुंकू वाहिलं, पाया पडली, झाडाची माफी मागून वीतभर डहाळी घेतली आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून नेली. वीतभर डहाळीला एवढं. मी तर त्या झाडाला भोकं पाडून, पातं ओवून, सँडपेपर मारला होता.

जीप गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे जरा वेळ गप्प बसले, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

“पण कळंब हाय ते कुणाला कळतंय?” हे म्हणाले.

“तुम्ही ग्रुपात लिहिलंय. खास बावड्याचं म्हणून.”

“व्हय की.”

“तोरण नेऊच नका. घरी राहू दे.”

“आन सर इचारल्यावर काय सांगू? माणसं बारामतीवरनं त्याच्यासाठी येत्यात. थांब, आत्ता मिटवतो.” ह्यांनी मोबाईल काढला आणि लिहिलं, ‘दुरुस्ती. तोरण सागवानी आहे. चुकून कळंब लिहिले गेले.’

एवढं केलं नसतं तर बरं झालं असतं. ग्रुपात जो गदारोळ उठला तो मशीनच्या किमतीवरूनसुद्धा कधी उठला नव्हता. सरांचा आवाजी निरोप आला, आमची भाजी चिरून, फोडणीला पडून, शिजून झाली तरी तो चालूच होता. “दत्ताभाऊ, फोटोत रेषा दिसतात. हे साग नव्हे. माझी हयात लाकडाचा वास घेण्यात गेली आहे. उद्या मी स्वतः वास घेऊन मांडवात निकाल देईन.” त्याखाली बँकेचे साहेब, “मी भिंग आणतो.”

मी उठले. राणीला लावायची हळद वाटीत कालवून ठेवली होती. त्यातली थोडी घेतली, तेल घातलं आणि तोरणाला चोळली. म्हटलं, रंग बदलेल, वास जाईल. पोपट इतके पिवळे झाले की खोलीत उजेड पडला.

“ह्ये सागवान व्हय?” हे म्हणाले. “ह्ये तर झेंडूचं वाटतंय.”

“मग आता काय करू?”

“काय न्हाय. उद्या कुणी काय बोललं तर तू गप बस.”

हा सल्ला द्यायला ह्यांना जगात दुसरी बाई मिळाली नसती.

लग्न इंदापूर रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. सकाळपासून मी रुखवताच्या टेबलापुढे उभी. शालूचा पदर असा फाकवून धरलेला, की मागचं तोरण दिसू नये. येणाऱ्या बायका मलाच रुखवत समजून बघून जात होत्या. राणी नवरीच्या खोलीच्या दारात येऊन हळूच म्हणाली, “आई, तू बस ना जरा, पाय दुखतील.” मी मान हलवली. सगळं मी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं आत्याबाईंना जाऊन आपणच सांगितलं असतं.

मग ग्रुप आला. सर पांढऱ्या झब्ब्यात, नाकावरनं रुमाल फिरवत, पैलवान लंगोट कसतो तसे. “ताई, बाजूला व्हा,” ते म्हणाले. मी झाले. माझ्या जागी कुणीही झालं असतं असं नाही, पण मी झाले.

सरांनी तोरण उचललं. नाकाला लावलं. डोळे मिटले. हळदीनं त्यांना शिंक आली. पुन्हा लावलं. रुखवताभोवतीच्या बायका पुढे सरकल्या.

“कळंब,” सर म्हणाले.

आजवर सरांनी आंब्याला फणस म्हटलं होतं, बाभळीला शिसव म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते बरोबर आले, आणि तेही इथे.

“सर, माफ करा,” बँकेचे साहेब भिंग लावून वाकले. “हा पिवळेपणा बघा. हे हेदूचं लाकूड आहे.”

“हेदू? तुम्ही हळदीला हेदू म्हणताय.”

“आणि तुम्ही मागच्या मेळाव्यात आंब्याला फणस म्हणालात.”

“सर्दी होती मला त्या दिवशी!”

“सागवान हाय, सागवान,” हे मध्ये पडले. दोघांनी ह्यांच्याकडे असं बघितलं की हे पुन्हा “सागवान” म्हणाले, पण मनात.

माणसं जमली. वाजंत्रीवाल्यांनीसुद्धा वाद नीट ऐकू यावा म्हणून वाजवायचं थांबवलं. आणि त्या शांततेत सर, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, “लाकूड खोटं बोलत नाही! हे कळंब आहे, आणि दत्ताभाऊंनी स्वतः लिहिलंय, बावड्याचं कळंब!”

“काय म्हणालात?”

आत्याबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. वरचा पंखा, मी शपथेवर सांगते, हळू झाला.

“कळंब,” सर पुन्हा म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, बाईंना आवड आहे. “उत्तम नमुना. बघा, कशी भोकं पाडलीयत.”

आत्याबाईंनी तोरण सरांच्या हातातून घेतलं. पोपटांवरून बोट फिरवलं. हळद बोटाला लागली. माझी नजर राणीवर गेली. ती मुंडावळ्या बांधून दारात उभी, आणि आता तिला कळलं होतं. बापाकडून घेतलेली वाचा पोरीला सोडून गेली होती. असं मी तिला जन्मात बघितलं नव्हतं.

“हेदू आहे हो,” साहेब म्हणाले.

“कळंब,” सर म्हणाले.

“गप बसा दोघं बी,” आत्याबाई म्हणाल्या. “नाकाला काय कळतंय आन काचंला काय कळतंय. ज्या बाईनं केलंय तिला इचारा.”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. माझे हात सवयीनं जोडले गेले.

“बघा,” सर म्हणाले, “कळंबच म्हणतायत.”

“हेदू म्हणतायत,” साहेब म्हणाले.

“मी हातांना न्हाय इचारलं,” आत्याबाई म्हणाल्या.

हेदू म्हटलं असतं तर मिटलं असतं. सोपा शब्द होता, साहेबांनी हातात आणून दिलेला. पण मला बोलायचीच सवय नाही, तर खोटं बोलायची कुठून असणार? मी तोंड उघडलं आणि आत जे होतं तेच बाहेर आलं. “आत्याबाई, कळंबच हाय. तुमचंच झाड आसंल. मला देवक म्हाईत नव्हतं. बावड्याचं लाकूड म्हणून मी मायेनं घेतलं. काय बोलायचं ते मला बोला, राणीला बोलू नका.”

आयुष्यातलं माझं सगळ्यात मोठं भाषण. ते मी इतक्या हळू केलं, की हातभर अंतरावरच्या आत्याबाईंशिवाय ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

“काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?” सर पुढे सरकले.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. तोरणाकडे बघितलं. मग दारातल्या राणीकडे. मग पदरानं बोटाची हळद पुसली आणि वळून मांडवाला सांगितलं, “हेदू हाय म्हणत्यात. चला, अक्षता धरा. आन वाजवायला काय झालं रं तुमाला? पैसं घेतल्यात का न्हाय?”

लग्न लागलं. अक्षता कुणाच्या डोक्यावर पडल्या मला माहीत नाही, मला सगळं पाण्यातून दिसत होतं. बँकेचे साहेब त्या दिवशी पंगतीत दोनदा जिलेबी मागून जेवले. सर जेवलेच नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी वेगळा ग्रुप काढला. आता एक ग्रुप कळंबवाल्यांचा आहे आणि एक हेदूवाल्यांचा. दोन्हीत मी आहे. दोन्हीत हात जोडते.

लेकीला भेटायला पहिल्यांदा बावड्याला गेले तेव्हा उंबऱ्यावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. माझं कुठे दिसेना. मनात म्हटलं, नदीत सोडलं असेल, बरोबरच आहे. आत्याबाई मला हाताला धरून देवघरात घेऊन गेल्या. मधल्या फळीवर, देवांच्या टाकांच्या शेजारी, माझं तोरण उभं. हळदकुंकू इतकं वाहिलेलं की मी महिनोन्‌महिने पाडलेली भोकं निम्मी बुजली होती.

“दारावर कसं टांगू? आमचं देवक हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “जाळायचं न्हाय, टाकायचं न्हाय. मग पुजायचंच की. भामट्यानं नेलं, तर कुठल्या तरी हाटेलाचा बाक झाला असता त्याचा. त्यापरीस घरी परत आलं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आन तुमची पोरगी बोलती लई. पर तिची आई खोटं बोलत न्हाय, ह्ये मी मांडवातच बघितलंय.”

मी हात जोडले. या वेळी देवाला.

“पर ईनबाई, एक इचारू? ह्या उजव्या पोपटाची चोच कुठं गेली?”

“भुशात,” मी म्हणाले.

“राहू दे. कुणाला सांगू नका. मी सगळ्यांस्नी सांगितलंय, ह्यो मुका पोपट हाय, घरात भांडणं होऊ देत न्हाय.”

तिथून ते वाढतच गेलं. आता शेजारच्या बायका येतात, बिनचोचीच्या पोपटाला हळद लावतात आणि नवस बोलतात. कुणाला सुनेचं तोंड बंद व्हावं असं वाटतं, कुणाला जावेचं. गुण येतो म्हणतात. गेल्या खेपेला देवघरात कुणी नव्हतं, तेव्हा मीही गुपचूप चिमूटभर हळद लावून ह्यांच्यासाठी नवस बोलून बघितला. परत येताना निमगावपर्यंत ह्यांनी मला एसटीत पातं कसं निवडावं ते समजावून सांगितलं. मी देवाला नावं ठेवत नाही. पोपट माझ्या हातचा आहे, कामात कसर राहणारच.